शोधू नका

जेवणं होऊन टेबल पुसून झालं तरी दादाने खुर्ची सोडली नाही, तेव्हाच बेबीने ओळखलं की यंदा गोष्ट लवकर सुरू होणार. एरवी या तारखेला गोष्ट दुपारच्या चहानंतर निघायची. पण यंदा चाळिसावं वर्ष होतं, आणि मिठाच्या बरणीशेजारी भाचीने आणलेलं काडेपेटीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलेलं होतं. दादाने सकाळीच गुळगुळीत दाढी केली होती, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली होती. जणू त्या यंत्रातून त्याच्याकडे कोणी बघणार होतं.

भाची म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. शहराच्या संग्रहालयात नोकरीला होती. जहाज बुडालं त्याला चाळीस वर्षं होतात म्हणून तिथे एक नवं दालन उघडणार होतं. भिंतीवरचे हेडफोन कानाला लावले की साध्यासुध्या माणसांचे आवाज ऐकू येणार होते. प्रश्न सगळ्यांना एकच: त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

"आधी बाबा, मग काका, मग आत्या," भाची म्हणाली. "आणि काका, मध्ये बोलायचं नाही."

"मी दंतवैद्य आहे गं," धाकटा म्हणाला. "समोरचा माणूस तोंड उघडून गप्प बसलेला असला की मला बोलायची सवय." आणि आपल्याच विनोदावर तो हसला. दादापेक्षा सतरा वर्षांनी लहान, घरातलं शेंडेफळ. पन्नाशी उलटली तरी त्याच्या विनोदाला घर हसलं नाही की त्याचा चेहरा पडायचा. म्हणून बेबी हसली.

तिचं बेबी हे नावही असंच, लहानपणी चिकटलेलं. बासष्ट वर्षांची बाई, केस पांढरे, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासण्यात उभा जन्म गेलेला, आणि हाक काय, तर बेबी. खरं नाव दुकानाच्या हजेरीपुस्तकात तेवढं उरलं होतं. आई होती तोवर आईचं करायचं, आई गेल्यावर याच घराच्या वरच्या खोलीत राहायचं, सकाळी दुकान, संध्याकाळी घर. तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलतही नसे.

दादाने घसा खाकरला. तो मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. जमीन असो की आठवण, बोटभर इकडेतिकडे झालेलं त्याला खपत नसे.

"सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती," तो म्हणाला. "रेडिओ त्या कपाटावर होता. मी इथे, याच जागी. आई खिडकीजवळ. हा टेबलाखाली, अकरा वर्षांचा होता, रंगीत खडू घेऊन बसला होता. निवेदकाचा आवाज आधी नेहमीसारखाच होता. मग तो थांबला. रेडिओवर माणूस असा थांबत नाही. मग म्हणाला, काल रात्री सामुद्रधुनीत वादळात जहाज बुडालं. नऊशेबारा माणसं. सुट्टीवर निघालेले सैनिक, सहलीची मुलं, लग्नाला निघालेलं एक आख्खं कुटुंब..."

हे सगळं बेबीला पाठ होतं. पुढचं वाक्यही.

"गल्लीत मोठा रेडिओ आमचाच. शेजारपाजारचे सगळे आमच्याकडे. बेबी स्वयंपाकघराच्या दारात, हातात किटली. दिवसभर चहा करत होती बिचारी. पन्नास कप तरी झाले असतील."

"पुढे?" भाचीने हळूच विचारलं.

"दुपारी तीन वाजता नावं वाचायला सुरुवात झाली." दादाचा आवाज उतरला. "माझा जोडीदार त्या जहाजावर होता. मोजणीला आम्ही कायम एकत्र. साखळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. तो बहिणीकडे निघाला होता. आदल्या आठवड्यात मीच म्हटलं होतं, बोटीने जा, रस्त्याने कंबर मोडते. त्याचं नाव आलं. मी हललो नाही. कोणाला काही कळलं नाही. आणि मागून कोणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला."

या वाक्याला वहिनी, म्हणजे दादाची बायको, दरवर्षी उठून स्वयंपाकघरात जायच्या. आजही उठल्या. उचलायला काहीच नव्हतं, तरी रिकामा पेला उचलून घेऊन गेल्या.

"मी वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. बेबी होती. काही बोलली नाही. सगळी नावं वाचून होईपर्यंत, तासभर तरी, तिने हात काढला नाही. मी माझ्या जोडीदाराला धाडलं, हे ओझं घेऊन मी जगलो. पण तो हात नसता तर त्या दिवशी मी काय करून बसलो असतो, मला माहीत नाही."

त्याने डोळे पुसले. धाकट्यानेही नाक ओढलं. बेबी नेहमीसारखी खाली मान घालून बसली. दरवर्षी या जागी आली की तिला वाटायचं, आपल्याला कोणाचा तरी कोट घालायला दिलाय. मापाचा नाही, पण ऊब आहे. परत कसा करायचा?

"आत्या, आता तू," भाची म्हणाली.

"ती काय बोलणार?" धाकटा म्हणाला. "किटलीचा आवाज काढ म्हणावं."

"काका!" भाचीने यंत्र बेबीसमोर सरकवलं. "मला मोठं भाषण नकोय, आत्या. बारीकसारीक गोष्टी सांग. किटली कसली होती? अ‍ॅल्युमिनियमची की पितळेची? रेडिओचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत नीट येत होता का?"

बेबीने तोंड उघडलं. चाळीस वर्षं तिने मान डोलावली होती. मान डोलवायला काही लागत नाही. पण किटली कसली होती असं कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि खोटं हाताशी तयार नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"आठवत नाही?"

"आठवत नाही असं नाही. मी नव्हते."

दादा हसला. "अगं, स्वयंपाकघरात होतीस म्हणजे घरातच होतीस ना."

"घरात नव्हते, दादा. मी बसस्टँडवर होते. सकाळी साडेसहाला घरातून निघाले. बातमी यायच्या आधी. बाबांची तपकिरी बॅग घेऊन."

"बसस्टँडवर कशाला?"

"मी घर सोडून चालले होते."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. बेबीला वाटलं, आता थांबावं, चुकून बोलले म्हणावं. पण भाचीचा हात यंत्राकडे गेला नाही. ती नुसती तिच्याकडे बघत राहिली, आणि असं कोणी बघत राहिलं की माणसाला बोलावंच लागतं.

तिने सांगितलं. लांबच्या एका शहरात मोठा कारखाना होता. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शकांच्या काचा बनवायचा. दुकानाच्या मालकांनीच तिच्या हाताची सफाई बघून तिला अर्ज करायला लावला होता. नेमणुकीचं पत्र तीन आठवडे तिच्या उशीच्या अभ्र्यात होतं. आईला विचारलं असतं तर आईने छातीवर हात ठेवला असता. बाबा गेल्यापासून आई काहीही मनाविरुद्ध झालं की छातीवर हात ठेवायची. म्हणून विचारलंच नाही. चार ओळींची चिठ्ठी लिहिली आणि आईच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली. रोज सकाळी उठल्याबरोबर आई चष्मा शोधते, म्हणजे तासाभरात मिळेल, असा हिशेब.

"काय लिहिलं होतंस?" भाचीने विचारलं.

"चांगली नोकरी मिळाली आहे. मी जाते आहे. पोचल्यावर पत्र टाकीन. शोधू नका."

साडेआठची गाडी होती. आठला लाउडस्पीकरवर बातमी सांगितली. सव्वाआठला हुकूम आला, आज दुखवटा, सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या करा. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने फळी ओढून घेतली. बरेच लोक घरी परतले. ज्यांचं घर जवळ नव्हतं ते बसून राहिले. बेबीचं घर वीस मिनिटांवर होतं. तीही बसून राहिली.

"का?" धाकट्याने विचारलं. विनोद त्याच्या आवाजातून गेला होता.

"मला वाटलं, एव्हाना चिठ्ठी मिळाली असेल. मला वाटलं, कोणीतरी येईल." तिने टेबलावरचा न दिसणारा कण बोटाने उचलला. "मी फाटकाकडे तोंड करून बसले होते. म्हटलं, दादा येईल. रागावेल. बॅग हिसकावून घेईल. मग मी भांडेन, किंवा भांडणार नाही, मुकाट्याने जाईन. काय करायचं ते तो आल्यावर बघू. तू आलाच नाहीस."

दादाने शर्टाची वरची गुंडी सोडली.

"दुपारी मला रडू आलं. शेजारी एक ड्रायव्हर बसला होता. त्याने आपला अर्धा पाव मला दिला आणि विचारलं, तुमचं कोणी होतं का बोटीवर? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग रडता कशाला? काय सांगणार? तिथे एक बाई होती, तिचा मुलगा होता बोटीवर, ती रडतही नव्हती. मी डोळे पुसले आणि पाव खाल्ला."

हे सांगताना तिला त्या पावाची चवही आठवली, शिळा आणि थोडा डिझेलच्या वासाचा. त्या माणसाचा प्रश्न तिने पुढे किती वेळा स्वतःलाच विचारला होता. नऊशेबारा माणसं एका रात्रीत गेली. त्यांच्या दिवशी, जाऊ न शकलेल्या एका माणसाची काय कथा? कोणाला सांगणार? आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी तोच दिवस त्यांचाच होता. त्याच्या पुढच्याही.

"संध्याकाळी साडेसहाला मागच्या दाराने घरात आले. ही गर्दी. आईने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या बॅगेकडे पाहिलं, आणि म्हणाली, आलीस? दूध आणलंस का?"

भाचीने तोंडावर हात ठेवला.

"आई दिवसभर रेडिओ ऐकत होती. कानांनी ऐकायचं, चष्मा कशाला लागतोय? चिठ्ठी होती तिथेच होती. मी ती शेगडीत घातली आणि चहा ठेवला. तेव्हाचा चहा मात्र माझा, दादा. तेवढं तुझं खरं आहे."

मग दादाने बोलायला सुरुवात केली ती हळू, पण बेबी त्याचा हा हळू आवाज ओळखून होती. घराच्या वाटणीच्या वेळीही तो असाच बोलला होता.

"म्हणजे चाळीस वर्षं मी खोटं सांगतोय?"

"खोटं नाही. चुकीचं."

"आणि तू ऐकून घेत होतीस. मान डोलवत होतीस. आज, माझ्या जोडीदाराला जाऊन चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, त्या यंत्रापुढे, तुला तुझी बॅग आठवली?"

"दादा, जाऊ दे ना," धाकटा म्हणाला. मग लगेच बेबीकडे वळला. "पण ताई, तूही... मला आठवतंय गं. तू मला टेबलाखाली पाव आणून दिलास. माझे केस विंचरलेस. मला स्पष्ट आठवतंय."

"बघ!" दादा म्हणाला.

"कुठल्या हाताने दिला?" भाचीने विचारलं.

"काय?"

"काका, नीट आठव. कपडे कुठले होते आत्याच्या अंगावर?"

धाकट्याने डोळे मिटले. मिटलेले बराच वेळ ठेवले. उघडले तेव्हा तो दादाकडे बघत नव्हता. "मला टेबलाखालून रेडिओ ऐकू येत होता," तो म्हणाला. "बाकी... खरं सांगू का? बाकी सगळं मला दादाच्या आवाजात आठवतं."

दादाला हे लागलं. बेबीला दिसलं, आणि तिला त्याची कीव आली. त्याच्या बाजूने कोणी उरलं नव्हतं. एकटं पडणं म्हणजे काय हे या घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"घर माणसांनी भरलेलं," तो म्हणाला, आता यंत्राला नव्हे, कोणालाच नाही. "आणि एकानेही ती चिठ्ठी पाहिली नाही? हे शक्य तरी आहे का?"

"मी पाहिली."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पेला अजून हातातच होता.

"मी पाहिली, बेबी. आठ वाजता. आईंच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते, बाटली शोधताना चष्म्याची डबी उचलली." त्या टेबलापाशी आल्या नाहीत, तिथूनच बोलल्या. "लग्नाला सहा महिने झाले होते माझ्या. या घरात मोकळेपणाने बोलायला मला एकच माणूस होतं, ते तू. वाचलं. आधी वाटलं, धावत सुटावं. मग वाटलं, मी कोण तिला अडवणारी? एक तरी सुटतेय ना. तूच लिहिलं होतंस, शोधू नका. होती तशी चार घड्यांची दुमडून परत ठेवली."

"गाड्या बंद झाल्या, वहिनी," बेबी म्हणाली. "रेडिओवर सांगितलं असेल."

"सांगितलं. मी धरून चालले की तोवर तू निघाली असशील." वहिनींनी पेला खाली ठेवला. "नाही. आता खोटं कशाला बोलू? मला माहीत होतं, तू तिथेच बसलेली असणार. दुपारी मी चप्पल घातली होती. दारापर्यंत गेले. सांगणार होते, दूध आणायला जाते म्हणून. आणि तेवढ्यात नावं वाचायला सुरुवात झाली."

बेबीला ते आधी कळलं. दादाला कळायला वेळ लागला.

"मग माझ्या डोक्यावर..." तो म्हणाला आणि थांबला.

"अहो, घरच्या बायका तीनच होत्या," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, फार जुना थकवा होता. "आई खिडकीजवळ बसल्या होत्या, तुम्हीच सांगता. बेबी नव्हती. आता तुम्ही मोजणीचे. करा वजाबाकी."

दादा उठला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचलली नाही. तो मागच्या दाराने बाहेर गेला, आणि खिडकीतून बेबीला तो पायरीवर बसलेला दिसला, पाठमोरा, हात गुडघ्यांवर.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंस, आई?" भाची म्हणाली.

"काय सांगायचं? माणूस रडत रडत सांगतो, माझ्या बहिणीचा हात होता. त्याला मध्येच तोडून म्हणायचं, अहो, माझा होता? हक्क सांगायचा?" वहिनी बेबीकडे वळल्या. "आणि तो माझा आहे म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, मग बेबी कुठे होती? तुझं मला सांगायचं नव्हतं. तू सांगितलं नाहीस तोवर नाही."

बेबी त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं दोघींनी एकाच शेगडीवर स्वयंपाक केला होता, आईला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं होतं, एकमेकींच्या आजारपणात उशापायथ्याशी बसल्या होत्या. आणि तो दिवस दोघींनीही आपापल्यापुरता, वेगवेगळा सांभाळला होता.

"तू परत आलीस ना," वहिनी हळू म्हणाल्या, "तेव्हा मला आनंद झाला. तुझी बॅग बघून वाईट वाटलं, पण आनंद झाला. इतका, की मला माझीच लाज वाटली. अजून वाटते."

बेबीला वाटलं, आपण रागवायला हवं. वीस मिनिटांची वाट, आणि या बाईच्या पायात चप्पल होती. पण राग शोधू गेली तर हाताला लागला तो त्या दुपारचा एक क्षण. तीन वाजता फाटकातून कोणीतरी बाई येताना दिसली होती, लांबून वहिनींसारखी वाटली होती, आणि ती बॅग उचलून अर्धी उभी राहिली होती. ती बाई दुसरीच निघाली. हे तिने यंत्राला सांगितलं नव्हतं. आता वहिनींनाही सांगितलं नाही. तेवढं आपल्यापाशी ठेवलं.

"तिथे दुसरं कोणी नव्हतं ना, दादापाशी," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही थांबलात."

ते तिने मनापासून म्हटलं की नुसतंच म्हटलं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दादा अर्ध्या तासाने आत आला. पडलेली खुर्ची उचलून नीट ठेवली, बसला आणि मुलीला म्हणाला, "मघाचं माझं पुसून टाक. परत घे."

"बाबा, नंतर घेऊ."

"आत्ताच घे." यंत्राचा लाल दिवा लागायची त्याने वाट पाहिली. "सात वाजून दहा मिनिटांनी बातमी आली. मी घरी होतो. आई होती, धाकटा भाऊ होता, बायको होती. बहीण नव्हती." तो थांबला. "बहीण कुठे होती ते मला माहीत नव्हतं. ती नाही हेही मला माहीत नव्हतं. दिवसभर. दुपारी माझ्या मित्राचं नाव आलं, तेव्हा माझ्या बायकोने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. एवढंच आहे माझं."

दिवा विझला. मग तो वहिनींना म्हणाला, "तू बस इथे. तुझं कोणी विचारलंच नाही कधी."

"माझं काय..."

"बस."

वहिनी बसल्या. दोन्ही हात मांडीवर घेऊन, नव्या नोकरीच्या मुलाखतीला बसावं तशा. भाचीने यंत्र सरकवलं. धाकट्याने खुर्ची जवळ ओढली. वहिनी बोलायला लागल्या, आधी अडखळत, मग अडखळायच्या थांबल्या. दादा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, एकटक. लग्नाच्या फोटोतही तो त्यांच्याकडे असा बघत नव्हता.

बेबीला बरं वाटलं. आणि मग लक्षात आलं की आपल्याला इथे काही काम नाही. घरात पुन्हा मोठं काहीतरी घडत होतं, आणि ते दुसऱ्यांचं होतं. ती उठली. कोणी पाहिलं नाही. ती आवाज न करता जिना चढून वर गेली.

खोलीत दुपारचं ऊन पलंगावर पडलं होतं. तिने खिडकी उघडली, उशी सारखी केली, उद्याचा दुकानात घालायचा झगा खुंटीवर लावला. मग करण्यासारखं काही राहिलं नाही, तेव्हा पलंगाच्या कडेला बसली. इतकी वर्षं दादाच्या गोष्टीत तिला एक जागा तरी होती. स्वयंपाकघराच्या दारात, हातात किटली. खोटी का असेना, तिथे ती सगळ्यांबरोबर होती, कोणाच्या तरी उपयोगी पडत होती. आज तिने स्वतःच्या हाताने तीही मोडली. आता त्या दिवशी ती जिथे होती तिथेच होती, आणि तिथे तिच्याबरोबर कोणी नव्हतं. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. हलकं वाटत होतं. पण रिकामं भांडंही हलकंच असतं.

खालून वहिनींचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. एकदा धाकटा हसला, वहिनीही हसल्या. मग आवाज थांबले.

"ती कुठे गेली?" दादाचा आवाज होता.

"कोण?"

"बेबी. आत्ता इथे होती ना? कुठे गेली?"

"वर गेली असेल, बाबा. मी बघते."

"तू बस. आईचं घे पूर्ण."

जिन्यावर पावलं वाजली. दादाचे गुडघे गेलेले. गेल्या चार वर्षांत तो वर चढलेला नव्हता. दर पायरीवर दोन्ही पाय टेकत, कठड्याला धरत तो येत होता. मध्ये एकदा थांबला. बेबीला वाटलं, खाली जावं, म्हणावं, अरे, मी येते. ती उठली नाही. बसून राहिली. त्याला सगळ्या पायऱ्या चढू दिल्या.

तो दारात आला, धापा टाकत. खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, एक खुर्ची, खुंटीवरचा झगा. मग खुर्चीवर न बसता तिच्याशेजारी पलंगावर बसला. श्वास जागेवर येऊ दिला.

"तो कारखाना," तो शेवटी म्हणाला. "कुठल्या गावी होता?"

तिने गावाचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते तिने मोठ्याने उच्चारलं नव्हतं. स्वतःच्या तोंडून ऐकताना परक्या माणसाच्या नावासारखं वाटलं.

दादाने मान हलवली. त्याला सगळ्या रस्त्यांची अंतरं तोंडपाठ होती.

"लांब आहे," तो म्हणाला.

"हो."

"एकटी राहिली असतीस?"

"हो, दादा."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मला दाखवशील नकाशावर?" तो म्हणाला. "कुठून कुठे जाणार होतीस ते?"

बेबीने मान डोलावली. मग तिला वाटलं, नुसती मान नको.

"दाखवीन," ती म्हणाली.